आधी शरीर शांत होऊ द्या, मग बोला

समुपदेशकाकडे आलेला माणूस 'मला दुःख झालंय' असं सुरुवातीला क्वचितच म्हणतो. नागपुरात तर तक्रार बहुधा शरीराचीच असते. "छातीत धडधड होऊन राहिली", "डोकं जड वाटते", "जेवण जात नाही". ईसीजी, थायरॉइड सगळं करून झालेलं असतं आणि रिपोर्ट नॉर्मल येतात. या तपासण्या हव्यातच, थायरॉइडच्या बिघाडानंही धडधड होते. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही.

भीती किंवा राग उसळला की मेंदूतला धोका हेरणारा छोटा भाग, अमिग्डला, सावध होतो, ॲड्रेनलिन हे संप्रेरक वाढतं, श्वास आणि ठोके वेग घेतात. साधकबाधक विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग तेव्हा मागे पडतो. त्या क्षणी दिलेला सल्ला कितीही शहाणपणाचा असला तरी पोहोचत नाही. नव्या समुपदेशकांना सगळ्यात जास्त नडते ती ही सल्ला द्यायची घाई, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून आधी श्वास. मिनिटाला साधारण सहा, आणि सोडताना घेण्यापेक्षा सावकाश. श्वास सोडताना मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेचा प्रभाव वाढून ठोके मंदावतात. काहींना मात्र डोळे मिटून श्वासाकडे पाहिलं की उलट घाबरायला होतं. त्यांना डोळे उघडे ठेवून, तळपाय फरशीला टेकवून खोलीतल्या वस्तू न्याहाळायला सांगावं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना गाडीवरून आलेल्याला तर आधी पाणी द्यावं, कूलरसमोर बसू द्यावं. उन्हाची धडधड आणि चिंतेची धडधड सहज एकसारखी वाटते.

मग भावना नेमकी ओळखायची. समजा, सीताबर्डीतल्या दुकानात काम करणारी एक बाई म्हणते, "सासूचा लई राग येते." "ताई, राग येतो तेव्हा आधी कुठं जाणवतं?" "गळ्यात." "आणि त्याच्या जरा आधी मनात काय असतं?" इथं समुपदेशकानं गप्प राहायचं. बऱ्याच वेळानं ती म्हणते, "घरी मले कोणी काही विचारतच नाही." आता समोर राग नाही, एकटेपणा आहे, आणि त्यावरचा उपाय वेगळा असतो. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ मधल्या मेंदू-प्रतिमांच्या अभ्यासात लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले होते. त्या भावनेला शब्द दिला की अमिग्डलाची सक्रियता कमी होत होती.

पुढची पायरी छोट्या कृतीची. 'बाहेर पडत जा' असं मोघम सांगून उपयोग नाही. 'उद्या सहा वाजता, बहिणीसोबत, अंबाझरीला एक चक्कर' असं ठरवावं लागतं. यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या मानसिक आरोग्याच्या उपक्रमात प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते मदतीला होते. तिथं १८ महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

एक प्रश्न मात्र टाळू नये: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर 'हो' असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नये, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.