जबड्याची पट्टी आणि केळीची दोरी

"इतलीशी पट्टी?" एक्स-रे खिडकीकडे धरून मावशी विचारत होती. मावसभावाची मोटारसायकल धुळे रस्त्यावर घसरली आणि डाव्या अक्कलदाढेमागे खालचा जबडा मोडला. "दातावर दात बसत नाही," एवढंच तो कसाबसा सांगायचा, आणि अर्धं निदान त्यातच होतं. आता तिथे चार स्क्रूंची, जेमतेम एक मिलिमीटर जाडीची टायटॅनियमची पट्टी होती. एवढ्या पैशांत जाडजूड का नाही टाकली, ही मावशीची तक्रार.

पूर्वी वरचे-खालचे दात तारेने बांधून चार ते सहा आठवडे तोंड बंद ठेवायचे. माणूस पेजेवर आणि ताकावर. मग जाड पट्ट्या आल्या. त्या जबड्याच्या खालच्या कडेला, हाडाच्या आरपार स्क्रू घालून बसवत. १९७०च्या दशकात फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचे सर्जन मॅक्सिम शाँपी यांनी पट्टी कुठे बसवायची, याच्या रेषाच आखून दिल्या.

त्या रेषा समजायला रावेरची केळीबाग बरी. घड भरला की झाड त्याच्याकडे झुकतं. घडाच्या बाजूचं खोड दाबलं जातं, पाठीकडचं ताणलं जातं. घडाखाली टेकू द्यायचा तर दणकट बांबू हवा. पाठीकडून ओढून बांधायचं तर दोरीही पुरते, कारण तिला फक्त ताण सोसायचा असतो. जबड्याचं तसंच. चावताना स्नायू मागचा भाग वर खेचतात, घास पुढचा भाग खाली रेटतो. मोडलेल्या जागी वरची कड फाकते, खालची एकमेकीवर दाबली जाते. म्हणून पट्टी वर, दोरीच्या जागी. दाब हाड स्वतःच सोसतं. स्क्रूही हाडाच्या बाहेरच्या थरापुरते, म्हणजे दातांची मुळं आणि आतली नस वाचते.

हनुवटीकडे मात्र ओली चादर पिळावी तसा पीळ पडतो. तिथे एकाखाली एक अशा दोन पट्ट्या लागतात, किंवा शिडीसारखी जाळीची पट्टी. मग मागेही दोन घातल्या तर? अमेरिकेतल्या डॅलसचे सर्जन एडवर्ड एलिस यांच्या रुग्णांत जबड्याच्या कोनाशी, म्हणजे अक्कलदाढेमागे, दोन पट्ट्यांपेक्षा एकीनेच कमी त्रास झाला.

लॉकिंग पट्टीत स्क्रूचं डोकं पट्टीतच आट्यांनी अडकतं. साध्या पट्टीचा बाक चुकला तर स्क्रू आवळताना हाड तिच्याकडे ओढलं जातं आणि दातांची जुळणी बिघडते. लॉकिंगमध्ये ती भीती कमी. पण 'इम्पोर्टेड लॉकिंग' म्हणून फुशारकी मारण्याएवढा फरक साध्या फ्रॅक्चरमध्ये सहसा पडत नाही. हाडाचा चुरा झाला असेल किंवा तुकडाच गेला असेल तर गोष्ट वेगळी. दाब घ्यायला हाडच नाही, मग सगळा भार पेलणारी जाड, लांब पट्टी हवीच.

शेजारच्या काकांनी हाडवैद्याचा लेप सुचवला होता. लेपाने दातांची जुळणी कशी होणार, हे त्यांनी सांगितलं नाही.

आठव्या दिवशी मावशीने डबा उघडला. डॉक्टरांनी भरीत पास केलं, कळण्याची भाकरी महिनाभर अडवली.