उतारा झाकून सोडवा

आठवीच्या शिष्यवृत्तीचा सराव करणाऱ्या माझ्या भाचीने परवा उताऱ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मामा, आता विचार प्रश्न." दहापैकी सात उत्तरं बरोबर! 'शेतकऱ्याला शेवटी काय उमगले?' या प्रश्नाला पर्याय होते एकीचे बळ, आळसाचे फायदे, भांडणातली मजा आणि कर्जाचे सुख. याला उतारा कशाला लागतो?

ही एकट्या त्या पुस्तकाची चूक नव्हे. १९९० साली स्टुअर्ट कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचे आकलनाचे प्रश्न विद्यार्थ्यांना उताऱ्याविना दिले. पाच पर्याय, म्हणजे नुसत्या अंदाजाने २० टक्के उत्तरं बरोबर यावीत. आली त्याहून कितीतरी जास्त.

मग असे प्रश्न चाळणीतून निसटतात कसे? मला खरा रस इथे आहे. ती चाळणी म्हणजे प्रश्नाची 'भेदनक्षमता': एकूण गुणांत पुढची आणि मागची मुलं तो प्रश्न किती वेगळी काढतो, त्याचा आकडा. तो असा काढतात: २०० उत्तरपत्रिका एकूण गुणांनुसार लावा. वरची २७ टक्के म्हणजे ५४ मुलं एका गटात, खालची ५४ दुसऱ्यात. (२७ टक्केच का, याचं गणित ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये मांडलं.) वरच्या गटात ४५ जणांचं उत्तर बरोबर, खालच्यात १८ जणांचं. फरक २७, भागिले ५४ म्हणजे ०.५. साधारण ०.४ च्या वरचा प्रश्न उत्तम मानतात.

पण 'वरची मुलं' ठरली कशावरून? त्याच पेपरवरून! ज्या घरात वर्तमानपत्र येतं, जेवताना चार विषय निघतात, तिथलं मूल न वाचताही योग्य पर्याय हेरतं आणि बहुधा एकूण गुणांतही तेच पुढे असतं. म्हणून उताऱ्याविना सुटणाऱ्या प्रश्नाचीही भेदनक्षमता झकास येते. हा प्रश्न बाकीच्या प्रश्नांच्या जातीचा आहे, एवढंच तो आकडा सांगतो. ती जात वाचनाची की घरच्या शिदोरीची, हे त्यातून कळत नाही.

 

प्रश्न तपासायला फार खर्च नाही. एका तुकडीला ते उताऱ्यासह द्या, तशाच दुसऱ्या तुकडीला उताऱ्याविना. चार पर्याय असताना दुसऱ्या तुकडीत २५ टक्क्यांच्या आसपासच मुलांचं उत्तर बरोबर आलं, तर तो प्रश्न उताऱ्याला बांधलेला. भाचीला अडलेल्या तिनांपैकी एक होता, 'शेतकऱ्याने गाडीआधी बैल का विकले?' त्यासाठी तिला हात काढून उतारा दोनदा वाचावा लागला.