झाडं तोडली, म्हणून पाणी वाढलं

एखाद्या उद्योगसमूहाने निसर्गसंस्थेला बरोबर घेऊन जलसुरक्षेसाठी लाखभर झाडं लावली, अशी बातमी दिसली की मी तिच्यात एकच गोष्ट शोधतो. डोंगराखालच्या ओढ्याचं पाणी कोणी मोजलं का? बातमीत रोपांची संख्या असते, फोटो असतात, ओढ्याचा आकडा मात्र बहुतेकदा नसतो. झाडं लावली की पाणी वाढणारच, हे इतकं गृहीत धरलेलं असतं की मोजायची गरजच कोणाला वाटत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनला हे गृहीत धरणं परवडलं नाही. २०१८च्या सुरुवातीला तिथे शहराचे नळ बंद करायची वेळ येऊन ठेपली होती. फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली. थेवाटर्सक्लूफ या तिथल्या सगळ्यांत मोठ्या धरणाचा तळ उघडा पडला. पुढे पाऊस आला आणि संकट टळलं. त्याच वर्षी शहराचं प्रशासन, 'द नेचर कन्झर्व्हन्सी'सारख्या निसर्गसंस्था आणि काही उद्योग यांनी मिळून 'ग्रेटर केपटाऊन वॉटर फंड' उभा केला. या निधीतून मुख्यतः झाडं तोडली जातात.

तोडली जातात ती बाहेरून आलेली झाडं. पाइन, ऑस्ट्रेलियातून आणलेल्या बाभळीच्या जाती, निलगिरी. तिथल्या डोंगरांवरची मूळ वनस्पती म्हणजे 'फिनबॉस', बहुतांशी बुटकी झुडपं. तिच्या जागी ही उंच झाडं पसरली आणि वर्षाला अंदाजे ५,५०० कोटी लिटर पाणी धरणांपर्यंत पोहोचेनासं झालं. शहराला जवळपास दोन महिने पुरेल एवढं हे पाणी.

हे पाणी जातं कुठे? अर्धं उत्तर शाळेत शिकलेलं असतं. पानाला अन्न तयार करायला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो आत घ्यायला पर्णरंध्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की आतला ओलावा बाहेर पडतो. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत घेताना पाण्याचे शेकडो रेणू निसटतात. पानांचं एकूण क्षेत्र जितकं जास्त, तितकी ही गळती मोठी.

उरलेलं अर्धं उत्तर मला जास्त आवडतं, आणि त्यासाठी थोडं भौतिकशास्त्रात शिरावं लागेल. पाऊस पडून गेल्यावर झाडाखाली उभं राहून वर बघा. प्रत्येक पानाला, सुईला, सालीच्या प्रत्येक खाचेला पाणी चिकटलेलं असतं. हे पाणी जमिनीला लागलेलंच नाही. यातलं किती खाली ठिबकणार आणि किती वाफ होऊन जाणार? वाफेच्या वाटेत एरवी दोन अडथळे असतात. पहिला पर्णरंध्रांचा. दुसरा पानाभोवतीच्या संथ हवेच्या थराचा, ज्याला वायुगतिकीय रोध म्हणतात. पान बाहेरून ओलं असलं की पहिला अडथळा गळून पडतो, कारण पाणी पृष्ठभागावरच असतं. मग सगळा खेळ दुसऱ्याचा. बुटक्या, सपाट वनस्पतींवरून वारा घसरत जातो, पण उंच झाडांच्या खडबडीत शेंड्यांना अडखळून तो घुसळला जातो आणि संथ हवेचा थर पातळ होतो. गवताच्या तुलनेत जंगलाचा वायुगतिकीय रोध साधारण दहापट कमी असतो. त्यामुळे ओलं जंगल फार वेगाने वाळतं, अगदी ढगाळ हवेत किंवा रात्रीसुद्धा. वाफ व्हायला लागणारी उष्णता तेव्हा सूर्याकडून नाही, वरून वाहणाऱ्या हवेतून घेतली जाते. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा पावसानंतरच्या झाडाकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

एवढ्याशा थेंबांनी काय होतं, असं वाटेल. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. वर्षाला १०० मिलिमीटर जादा वाफ झाली, तर एका हेक्टरवरून १० लाख लिटर पाणी गेलं.

आणि हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. केपटाऊनपासून जवळ, स्टेलेनबॉशच्या वरच्या यॉन्कर्सहूक खोऱ्यात १९३५पासून याची मोजणी सुरू झाली. पद्धत इतकी साधी आहे की तिच्या प्रेमात पडावं. शेजारशेजारच्या दऱ्या घ्यायच्या आणि प्रत्येकीच्या तोंडाशी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खाच असलेला छोटा बांध घालायचा. खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह किती ते कळतं. आधी काही वर्षं कुठेच हात न लावता दोन्ही दऱ्यांचं नातं समजून घ्यायचं. मग एकीत पाइन लावायचे, दुसरी तशीच ठेवायची. पाऊस दोघींवर सारखाच, म्हणजे ते नातं बिघडलं तर दोष झाडांचा. पाइन वाढत गेले तसा त्यांच्या ओढ्याचा प्रवाह घटत गेला. १९८२ मध्ये जगभरातल्या अशा ९४ पाणलोटांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात पाइन आणि निलगिरीखालचं क्षेत्र दर १० टक्क्यांनी वाढलं की वार्षिक प्रवाह सरासरी ४० मिलिमीटरने कमी होतो, असं दिसलं. झुडपांच्या बाबतीत हाच आकडा १० मिलिमीटर होता.

याचा अर्थ जंगलं पाण्याची शत्रू, असा मुळीच नाही. न्यूयॉर्क शहर १९९७च्या करारापासून कॅट्सकिल डोंगरांतली जंगलं आणि शेतं सांभाळायला पैसे देतं, कारण त्यामुळे पाणी स्वच्छ येतं आणि प्रचंड गाळणी प्रकल्पाचा खर्च वाचतो. उघड्या, कडक झालेल्या जमिनीवर पाणी मुरवायलाही झाडोरा लागतोच. आधी प्रश्न कोणता ते ठरवायला हवं. पाणी गढूळ आहे, की मुरत नाही, की मुळात कमी आहे? प्रत्येकावर उपाय वेगळा, आणि काही ठिकाणी तो नेमका उलटा.

वरच्या भागाची निगा राखायला खालच्यांनी पैसे द्यायची ही व्यवस्था इक्वेडोरच्या किटो शहराने २०००मध्येच उभी केली. तिथला पाणीपुरवठा विभाग आणि 'नेचर कन्झर्व्हन्सी' यांनी सुरुवात केली, नंतर वीज कंपनी आणि मद्यनिर्मिती कंपनीही सामील झाल्या. यामागे निव्वळ दानधर्म नाही. धरण आटलं तर कारखानाही थांबतो. केपटाऊनच्या निधीचा अंदाज असा की, झाडं हटवून मिळणारं पाणी इतर योजनांच्या साधारण एक दशांश खर्चात पडेल.

मला खटकतात ते 'आम्ही वापरतो तेवढं पाणी निसर्गाला परत देतो' असे दावे. कार्बन डायऑक्साइड कुठेही कमी केला तरी वातावरण एकच असतं. पाण्याचं तसं नाही. एका खोऱ्यात उपसलेलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात 'परत' दिलं, तर पहिल्या खोऱ्यातल्या विहिरीला त्याचा काय उपयोग? शिवाय काम केलं नसतं तर किती पाणी वाहिलं असतं, याचीही गणना हवी. यॉन्कर्सहूकमध्ये हात न लावलेली दरी राखली होती ती त्यासाठीच.

प्रत्यक्ष काम मात्र घाम काढणारं आहे. पाइन उभ्या कड्यांवर उगवतात, कारण त्यांच्या बियांना पंख असतात. तिथे दोर बांधून माणसं खाली उतरतात आणि करवतीने एकेक झाड कापतात. पाइन अगदी खालच्या फांदीच्याही खाली कापला की मरतो. काही बाभळी बुंध्यातून पुन्हा फुटतात, म्हणून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावतात. लांब पानांच्या एका बाभळीसाठी ऑस्ट्रेलियातूनच गांधीलमाशीच्या कुळातला एक बारीक कीटक १९८०च्या दशकात आणून सोडला. तो कळ्यांमध्ये अंडी घालतो, तिथे गाठी येतात आणि शेंगा धरत नाहीत. पण आधी पडलेलं बी मातीत कित्येक दशकं जिवंत राहतं आणि वणवा लागून गेला की एकदम उगवतं. म्हणून निधीचा हिशेब ३० वर्षांचा आहे. एकदा मोकळ्या केलेल्या उतारावर माणसं ठरावीक काळाने पुन्हा चढतात आणि झुडपांच्या मधून डोकावणारी रोपं हाताने उपटून काढतात.