मोटर फिरते, आकडा मात्र हलत नाही

पुठ्ठ्याची खोकी घडी घालून चिकटवणाऱ्या मशीनवर डिंकाचा ठिपका नेमका झडपेवरच पडावा लागतो. पट्टा मिनिटाला ३०० मीटर वेगाने धावतोय, त्यावर २०० मिमी परिघाचं चाक टेकलंय आणि चाकाला एन्कोडर, म्हणजे चाक फिरेल तसे ठरावीक विद्युत ठोके (पल्स) देणारं उपकरण, जोडलाय, असं धरू. चाक सेकंदाला २५ फेऱ्या घेणार. एन्कोडर फेरीला १००० पल्स देणारा असेल तर झाले सेकंदाला २५,००० पल्स. एक पल्स म्हणजे ०.२ मिमी.

हे पल्स मोजायचे असतात पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाला. आता त्याचं काम कसं चालतं बघा. आधी सगळे इनपुट वाचायचे, मग लॅडर (शिडीसारखा मांडलेला प्रोग्रॅम) वरून खाली सोडवायची, मग आउटपुट लिहायचे, की पुन्हा पहिल्यापासून. या एका स्कॅनला ५ मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात १२५ पल्स येऊन गेलेले असतात. प्रोग्रॅम कितीही हुशारीने लिहा, जे दिसलंच नाही ते तो मोजणार कसं?

म्हणून ही मोजणी प्रोग्रॅमकडे ठेवतच नाहीत. हाय-स्पीड काउंटर हे सीपीयूमधलं स्वतंत्र हार्डवेअर; स्कॅन कुठे पोचलाय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सीमेन्सच्या एस७-१२०० या पीएलसीमध्ये असे सहा काउंटर मिळतात. पण त्यांना प्रत्येक इनपुट सारखा नाही. १२१४सी सीपीयूवर पहिले सहा इनपुट १०० किलोहर्ट्झपर्यंत (सेकंदाला एक लाख पल्स) चालतात, उरलेले ३० पर्यंतच. तेव्हा एन्कोडरची वायर कुठे जाणार हे पॅनेल बांधायच्या आधी ठरवा.

एवढं करूनही आकडा जागचा हलत नाही, अशी तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा चोर सापडतो तो इनपुट फिल्टरमध्ये. कंपनीकडून तो ६.४ मिलिसेकंदांवर लावून येतो: सिग्नल तेवढा वेळ टिकला तरच खरा मानायचा. पुश बटणाचे संपर्क दाबताना थरथरतात, त्यांच्यासाठी हे उत्तमच. आपला पल्स मात्र जेमतेम २० मायक्रोसेकंद टिकतो. ६.४ मिलिसेकंदांच्या फिल्टरमधून सेकंदाला ७८ पल्सच जातात. तो १० मायक्रोसेकंदांवर आणला की ५० किलोहर्ट्झपर्यंत वाट मोकळी होते. एन्कोडरचे ए आणि बी असे दोन्ही फेज (दिशाही कळावी म्हणून दिलेले दोन सिग्नल) जोडले असतील तर दोन्ही इनपुटांवर बदला, एकावर करून दुसरा विसरणारे बरेच असतात. फिल्टर उघडला की आजूबाजूचा नॉइजही (नको असलेले विद्युत सिग्नल) आत शिरतो, त्यामुळे केबल शील्डेड हवी आणि मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हच्या पॉवर केबलपासून लांब.

आउटपुटला रिले नको, ट्रान्झिस्टर हवा. रिलेचा संपर्क मिटायलाच काही मिलिसेकंद जातात. आणि डिंकाचा आदेश नेहमीच्या स्कॅनमधून दिला, तर ५ मिलिसेकंदांत खोकं २५ मिमी पुढे सरकलेलं असतं. म्हणून ठरलेला आकडा गाठताच काउंटरकडून इंटरप्ट (चालू काम थांबवून लगेच दखल घ्यायला लावणारा इशारा) घ्यायचा, आणि त्या इंटरप्टमध्ये आउटपुटच्या पत्त्याला ':पी' लावून, म्हणजे स्कॅन संपायची वाट न बघता, तो थेट लिहायचा. ':पी' राहिलं तर आदेश स्कॅन संपेपर्यंत ताटकळतो आणि इंटरप्ट फुकट जातो. यानंतर उरतो तो डिंकाच्या व्हॉल्व्हचा स्वतःचा उशीर. तेवढ्या वेळात खोकं जितकं सरकेल तितके पल्स ठरलेल्या आकड्यातून वजा करायचे, आणि पट्ट्याचा वेग बदलला की ही वजाबाकी नव्याने करायची.