एक ब्रास म्हणजे किती टन?

फोनवर ऑर्डर येते ती बहुतेक ब्रासमध्ये. ‘दोन नंबर खडी, दोन ब्रास टाका.’ गाडी पोचते, ड्रायव्हर काटापावती हातात देतो आणि तिच्यावर आकडा असतो 8,540 किलो. लगेच फोन: ‘शेठ, हे दोन ब्रास आहे ना?’ विचारणं रास्तच आहे. म्हणून हा कागद.

ब्रास हे जागेचं माप आहे, वजनाचं नाही. 10 फूट लांब, 10 फूट रुंद, 1 फूट उंच, म्हणजे 100 घनफूट. मीटरमध्ये 2.83 घनमीटर. सरकारची रॉयल्टी (दगड-मातीवरचं शुल्क) ब्रासवर लागते, क्रशरवर, म्हणजे दगड फोडून खडी करतात तिथे, माल काट्यावर तोलला जातो आणि रस्त्यावर आरटीओ बघतं ते टन. त्यामुळे एकाच गाडीला दोन्ही हिशेब चिकटतात.

ब्रासचे टन किती, हे मालावर ठरतं. मुंबईत येणारी पनवेल-वसईकडची खडी काळ्या पाषाणाची. अखंड दगड घनमीटरला 2.8 टनांच्या आसपास भरतो, पण खडीच्या ढिगात निम्म्याला थोडी कमी अशी पोकळीच असते. म्हणून 20 मिमी खडीचा ब्रास साधारण 4.1 ते 4.5 टन. क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूत, बारीक दाणे मोठ्यांच्या फटीत बसतात, म्हणून ती साडेचार ते पाच टन. मुरमाचा आकडा आम्ही छापत नाही; त्यात माती किती नि दगड किती, हे प्रत्येक खाणीला बदलतं.

आमच्या आकड्यावर विसंबू नका, स्वतः तोलून बघा. रंगाची 20 लिटरची बादली घ्या. ती काठोकाठ भरली तर 20 पेक्षा जास्त मावतं, म्हणून आधी लिटरच्या बाटलीने 20 बाटल्या पाणी ओतून आतून खूण करा. पाणी काढा, खुणेपर्यंत खडी भरा, हलवू-ठोकू नका. भंगारवाल्याचा किंवा वाण्याचा काटा चालेल. बादलीचं वजन वजा करून 30 किलो भरली, तर 30 भागिले 20 म्हणजे दीड. दीड गुणिले 2.83, म्हणजे ब्रासला 4.25 टन. पाच मिनिटांचं काम आहे.

किती मागवायचं ते काढताना एकच गफलत वारंवार होते. 20 बाय 15 फुटांचं अंगण, 4 इंच थर. कुणी 20 × 15 × 4 करतं आणि 12 ब्रास मागतं! इंचाचे आधी फूट करा, 4 भागिले 12. उत्तर येतं 100 घनफूट, म्हणजे एकच ब्रास. त्यावर रोलर फिरणार असेल तर माल दबतो. मुरूम सव्वापट धरा.

वाळूचं प्रकरण जरा वेगळं. 5-6 टक्के ओल असली की बारीक वाळू फुगते, कधी पाव हिश्शाने. मापाने घेतलीत तर तेवढी हवा घेतलीत. वजनाने घेतलीत तर पाच टनांत अडीचशे किलो पाणी आलं. पावसाळ्यात दोन्हीकडून थोडा फटका बसतोच, पण आमच्या मते पाण्याचा फटका हवेपेक्षा लहान. खडी मात्र फुगत नाही, ती रस्त्यात हादऱ्यांनी बसते. क्रशरवर गाडीच्या फळीला टेकलेला माल तुमच्या दारात चार बोटं खाली दिसतो. म्हणून फळी बघून भांडू नका, पावती बघा: भरलेली गाडी, रिकामी गाडी आणि निव्वळ माल, तिन्ही आकडे हवेत. रिकामं वजन त्याच दिवसाचं हवं.

‘फळीवर थोडी चढवून पाठवा’ असं म्हणू नका. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. चाळीच्या बोळात डंपर शिरत नाही, मग छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, मागितला जातो. त्याची ताकद पाऊण टनाच्या आसपास. अर्धा ब्रास खडी म्हणजे दोन टनांच्या वर, तेव्हा तीन फेऱ्यांचं भाडं आधीच धरा.

सोसायटीच्या गच्चीवर किंवा वरच्या मजल्यावर माल चढवणार असाल तर वजन आधी काढाच. राहत्या घराच्या स्लॅबला चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरलेला असतो, म्हणजे खडीचा जेमतेम पाच इंची थर. कंबरेएवढा ढीग एका जागी दीड टन टेकवतो. आमच्या पोरांना ‘वरच ओता’ सांगितलंत तर ते ऐकणार नाहीत. माल खालीच उतरेल, वर गोण्यांतून लागेल तसा न्या.

ऑर्डर देताना लांबी, रुंदी, जाडी आणि गल्लीची रुंदी एवढं सांगा. ब्रास आणि टन दोन्ही आम्ही चलनावर लिहून देतो.