साडेतीन मिलिमीटरचं कुलूप

.३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम ही रिव्हॉल्व्हरची दोन काडतुसं शेजारी ठेवून पाहा. नावातले आकडे गोळीच्या इंचांतल्या जाडीचे, पण ढोबळ; इथे दोन्हींची जाडी एकच, सुमारे ९ मिमी. मॅग्नमची पितळी पुंगळी तेवढी साडेतीन मिलिमीटरने लांब. बंदुकीची जादा दारू मावावी म्हणून ही लांबी वाढवलेली नाही; ती जुन्या पुंगळीतही मावत होती. १९३५ साली मॅग्नम बाजारात आलं तेव्हा ते जुन्या .३८च्या सिलिंडरमध्ये (काडतुसं बसवायच्या फिरत्या भागात) चुकूनही बसू नये, एवढाच हेतू होता. मॅग्नमचा दुप्पट दाब त्या जुन्या सिलिंडरला झेपलाच नसता.

.४४ मॅग्नम जन्मलं ते घरी काडतुसं भरणाऱ्यांच्या हट्टातून. आयडाहोचे एल्मर कीथ .४४ स्पेशलच्या पुंगळ्यांत दारू वाढवून भरायचे. .४५ सोडून .४४ का? सिलिंडर बाहेरून तेवढाच, पण भोक लहान, म्हणजे मधली भिंत जाड. त्यांनी वर्षानुवर्षं पिच्छा पुरवल्यावर १९५५च्या अखेरीस रेमिंग्टनचं काडतूस आणि स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर तयार झालं.

आता हिशेब. .३५७ची १०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३८० मीटर वेगाने गेली तर ऊर्जा साधारण ७३० ज्यूल. .४४ची १५.६ ग्रॅमची गोळी ४१० मीटरने, म्हणजे सुमारे १,३०० ज्यूल. ऊर्जा पावणेदोनपट, पण हाताला बसणारा दणका? रिव्हॉल्व्हरचं वजन तेच असेल, तर त्याची ऊर्जा संवेगाच्या (वजन गुणिले वेग) वर्गाने वाढते: जवळजवळ पावणेतीनपट! २००३च्या .५०० मॅग्नमसाठी तर दोन किलोचं रिव्हॉल्व्हर घडवावं लागलं. मला तो हौसेचा अतिरेकच वाटतो.

अमेरिकेत काडतुसं स्वतः भरणं हा जुना छंद आहे (आपल्याकडे शस्त्र कायद्यानुसार त्याला परवाना लागतो). त्यातला खरा फायदा दारू कोंबण्यात नाही, दर काडतूस सारखं होण्यात आहे. गोळी जरा खोल बसली की आतली जागा घटते आणि दाब चढतो. पुंगळीचं तोंड गोळीवर नीट आवळलं नाही, तर दणक्याने रिव्हॉल्व्हर मागे येतं, न उडालेल्या गोळ्या जडत्वामुळे जागीच राहतात, पुंगळीतून पुढे सरकतात आणि सिलिंडर अडकतो. शिवाय मॅग्नमसाठीच्या काही सावकाश जळणाऱ्या दारूंचं प्रमाण कमी करायलाही उत्पादक मनाई करतात. अर्धवट भरलेल्या पुंगळीत ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीतच अडकू शकते.