‘मले’ आणि ‘काहून’ हे शब्द स्पॅम कसे पकडतात

मागच्या लग्नसराईत आमच्या गावातल्या एका काकांच्या मोबाईलवर ओळखीच्याच नंबरवरून लग्नपत्रिका आली. फाईलच्या नावाशेवटी डॉट एपीके होतं, पण घाईत ते कोण बघतं. काकांनी टच केलं, फोनने जे जे विचारलं त्याला ‘हो’ केलं, आणि तासाभरात तीच पत्रिका काकांच्या नंबरवरून सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांकडे. संध्याकाळी काका माझ्याकडे आले, म्हणाले, “नाव तं आपल्याच मानसाचं होतं ना बाप्पा, मले का माहीत त्यात व्हायरस हाय म्हणून.”

अशा पत्रिकांच्या बातम्या पेपरात येतच असतात, तरी एक गैरसमज जात नाही की मेसेज वाचला म्हणजे फोन गेला. सहसा तसं होत नाही. एपीके म्हणजे फोटोही नाही आणि पीडीएफही नाही, ते अख्खं अ‍ॅप असतं, आणि आपण ते इन्स्टॉल करून एसएमएस वाचायची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी आपल्यासोबत त्यालाही दिसतो. (पैसे गेले असतील तर वाट न बघता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावायचा.) युक्ती जुनीच आहे. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा व्हायरस ईमेलमधून जगभर पसरला तो असाच. फाईलच्या नावात आधी टीएक्सटी (साधा मजकूर) आणि मग व्हीबीएस (चालणारा प्रोग्राम) होतं, विंडोज तो शेवटचा तुकडा लपवायचं, म्हणून ती साध्या मजकुराची फाईल वाटायची, आणि उघडली की अ‍ॅड्रेस बुकातल्या सगळ्यांना आपोआप तेच पत्र जायचं. तेव्हाही पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचंच असायचं.

हे मी लिहितोय कारण आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं ईमेल मी बघतो. पत्ता रस्त्यावरच्या बोर्डावर रंगवलेला आहे, कुणीही लिहू शकतं आणि लिहिलंच पाहिजे. तुरीचा भाव विचारणारा व्यापारी असो की सोयाबीन उगवलं नाही म्हणून कळवणारा शेतकरी, यांना दार बंद केलं तर कंपनी कशाला काढली? ईमेल मुळातच असं उघडं बनवलंय. १९८२ साली त्याचे जे नियम लिहिले गेले त्यात पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच नव्हती, पाकिटावर कुणीही कुणाचंही नाव टाकावं तसं. तपासण्या पुढे आल्या. आणि पहिलं स्पॅम, म्हणजे न मागता ढिगाने पाठवलेलं पत्र, तर त्याच्याही आधीचं, मे १९७८ चं, एका कॉम्प्युटर कंपनीच्या सेल्सवाल्याने ४०० च्या आसपास लोकांना एकदमच जाहिरात पाठवली होती.

व्हायरसचा बंदोबस्त तसा सोपा आहे, आपल्याकडे फोटो आणि पीडीएफ सोडून दुसरी फाईल आली तर ती उघडायचीच नाही, शेतकऱ्याला एपीके पाठवायचं काही कामच नसतं. खरा डोक्याला ताप स्पॅमचा, कारण त्यात नुसते शब्द असतात आणि शब्द सगळ्यांचे सारखेच. पण इथेच ते गणित येतं जे मला मनापासून आवडतं.

जिनिंगवर कापसाची गाडी लागली की ग्रेडर काय करतो बघा. गाडीत कोपरापर्यंत हात घालून खालचा मूठभर कापूस काढतो, दाबून ओल बघतो, कवडी किती, पाला किती, मग दोन बोटांत धागा ओढून लांबी बघतो. एका खुणेवर तो भाव पाडत नाही, प्रत्येक खुणेने त्याचं मत थोडं इकडे नाहीतर तिकडे सरकतं. थॉमस बेझ नावाच्या इंग्लंडमधल्या पाद्र्याने हे मत किती सरकवायचं याचं गणित मांडलं, तो १७६१ मध्ये वारला आणि त्याचा निबंध १७६३ मध्ये त्याच्या मित्राने छापून आणला.

आता समजा मी १०० स्पॅम आणि १०० खऱ्या ईमेल वेगळ्या काढल्या. ‘अभिनंदन’ हा शब्द ४० स्पॅममध्ये निघाला आणि फक्त ५ खऱ्यांमध्ये, म्हणजे ८ ला १. ‘अनुदान’ ३० स्पॅममध्ये आणि २० खऱ्यांमध्ये, म्हणजे दीडाला १, कारण अनुदानाबद्दल आपली माणसंही विचारतात. नवीन ईमेलमध्ये हे दोन्ही शब्द आले तर ८ गुणिले दीड, १२ ला १, म्हणजे १३ पैकी १२, स्पॅम असण्याची शक्यता ९२ टक्के. आता त्याच ईमेलमध्ये ‘मॉइश्चर’ पण आहे, जो १ स्पॅममध्ये आणि २४ खऱ्यांमध्ये दिसलाय. १२ ला २४ ने भागा, अर्धा ला १, शक्यता सरळ ३३ टक्क्यांवर. एका शब्दाने पत्र वाचवलं!

२००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने हीच पद्धत सोप्या भाषेत लिहून लोकप्रिय केली. त्याचा फिल्टर, म्हणजे स्पॅम वेगळं काढणारी चाळणी, प्रत्येक पत्रातले सगळ्यात बोलके १५ शब्द घ्यायचा आणि ९० टक्क्यांच्या वर गेलं तरच स्पॅम म्हणायचा. आणि खऱ्या पत्रातले शब्द तो दुप्पट मोजायचा, कारण चार स्पॅम आत आले तर चालतं पण एक खरं पत्र गेलं तर नाही चालत. यात गणिताची एक कच्ची बाजू आहे. शक्यता अशा गुणायच्या तर स्पॅममध्ये काय किंवा खऱ्यात काय, एक शब्द दुसऱ्याचा हात धरून येता कामा नये, पण ‘किसान’ आणि ‘सन्मान’ तर जोडीनेच येतात आणि एकच पुरावा दोनदा मोजला जातो, म्हणून या पद्धतीला भोळी म्हणतात. आकडे त्यामुळे फुगून एकदम ९९ नाहीतर १ वर जातात, बाजू मात्र बहुतेक वेळा बरोबरच निघते. एआयने १०० टक्के स्पॅम बंद अशा जाहिरातींवर मी म्हणूनच विश्वास ठेवत नाही, चाळणी बारीक केली की दाणाही अडकतोच.

थंडरबर्ड या ईमेल बघायच्या प्रोग्राममध्ये अशाच जातीचा फिल्टर फुकट मिळतो, आपण स्पॅमवर खूण करत जायची आणि तो शिकत जातो. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की तो आपल्याच पत्रांवरून शिकतो. आमच्याकडचे शेतकरी ‘मले सांगा’, ‘काहून उगवलं नाही’, ‘पानी किती द्या लागते’ असं लिहितात. दिल्लीत की परदेशात बसलेला स्पॅमवाला मशीनवरून छापील मराठी काढतो, ‘प्रिय ग्राहक, आपणास कळविण्यात अत्यंत आनंद होत आहे’. ज्या बोलीला शाळेत अशुद्ध म्हणून हिणवलं तीच इथे खऱ्या माणसाची खूण ठरते. आणि फिल्टर चुकवायला लॉटरीचं स्पेलिंग मुद्दाम बिघडवलं तर तो बिघडलेला शब्द फक्त स्पॅममध्येच सापडतो, म्हणजे आणखीच लवकर पकडला जातो.

‘हा मेसेज ११ जणांना पाठवा, नाही पाठवला तर घरात संकट येईल’ हे पण मी त्याच डब्यात टाकतो. त्यात कोड नसतो, पण पसरायचं काम तो आपल्या भीतीकडून करून घेतो. इतकी वर्षं मी एकही पुढे पाठवला नाही आणि काही झालं नाही, झालं असतं तरी मेसेजमुळे झालं नसतं.

दर शनिवारी मी स्पॅमचा डबा एकेक करून बघतो, हे काम मशीनवर सोडायचं नाही. खरिपात त्यात एक पत्र निघालं, ‘महोदय, आपणास विनंती आहे की’ असं सुरू झालेलं, अगदी छापील मराठी. खाली होतं, बियाण्याच्या तीन बॅगा पेरल्या, एकरात शंभर झाडं नाहीत. अकरावीतल्या मुलीने वडिलांच्या वतीने शुद्ध करून लिहिलं होतं. ‘स्पॅम नाही’ दाबलं आणि आधी त्यांना फोन लावला, पत्र आठ दिवस पडून होतं आणि दुबार पेरणीला तेवढेच दिवस उरले होते.